वर्षाला दीडशे किलोमीटर

सोलापूरच्या मंगळवार पेठेजवळील एका जुन्या वाड्यात गेली कित्येक वर्षे रविवारची सकाळ एका ठरावीक आवाजाने सुरू होत असे. तळमजल्यावरच्या गाडीखान्याचे दोन्ही दरवाजे उघडले जात, पांढऱ्या चादरीची घडी होई, बोनेटवरून फडके फिरे आणि चोक ओढून दोन-तीन प्रयत्नांनंतर गाडी धडधडत चालू होई. दहा मिनिटे इंजिन चालायचे, मग ते बंद करून चादर पुन्हा पसरली जायची. गाडी बहुधा दाराबाहेर पडतच नसे.

ही गाडी म्हणजे ऑगस्ट १९७६ मध्ये नोंदलेली प्रीमियर पद्मिनी. ती घेणारे कापड व्यापारी गृहस्थ, ज्यांना सारे घर अप्पा म्हणत असे, दोन वर्षांपूर्वी निवर्तले. त्यांच्यामागे पत्नी, दोन मुलगे आणि पुण्याला दिलेली मुलगी. पेढी दोघे भाऊ एकत्र चालवतात, चूलही एकच आहे आणि व्यवहारात दोघांचे सहसा एकमत असते. मतभेद झाला तो या गाडीवरून. थोरल्यांचे म्हणणे, अप्पांची गाडी विकायची नाही. धाकट्यांचे म्हणणे, जी चालत नाही ती ठेवायची कशासाठी? व्यापारी घरांमध्ये अशी एखादी वस्तू बहुधा असतेच. कुठे गाडी, कुठे गावाकडचे बंद घर, तर कुठे कुणीही न वाजवणारी पेटी. तिची किंमत कोणी काढत नाही आणि तिचा विषय निघाला की बोलणे थांबते.

गाडीमागचा काळ

आजच्या पिढीला एका साध्या चारचाकीचे इतके अप्रूप का वाटावे, हे समजण्यासाठी तो काळ आठवावा लागतो. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली. शेठजी मूळचे सोलापूरचे, दिगंबर जैन कुटुंबातले. घरचा पिढीजात व्यापार मागे ठेवून ते रेल्वेच्या बांधकामांच्या कंत्राटांत उतरले आणि पुढे जहाज, विमान व मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया त्यांनी या देशात घातला. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली. शेठजी १९५३ मध्ये गेले. त्याच कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने गाड्या तयार होऊ लागल्या आणि लोकांच्या तोंडी ‘फियाट’ हेच नाव बसले. त्या गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव सत्तरच्या दशकात मिळाले.

१०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला गिअर आणि पुढे सलग बाक असल्यामुळे शेजारी दोघे सहज बसतील अशी सोय, ही तिची ओळख. परवान्यांच्या त्या काळात पैसे असले म्हणून गाडी मिळत नसे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्या दिवशी गाडी दारात येई, त्या दिवशी ती एका घराची न राहता सगळ्या गल्लीची होई.

अप्पांनी गाडीसाठी वेगळी वही घातली होती. व्यापाऱ्याच्या शिस्तीने प्रत्येक प्रवासाची तारीख, निघतानाचे आणि परततानाचे किलोमीटर, पेट्रोल आणि कोण कोण बरोबर होते, हे सारे त्यात आहे. फेब्रुवारी १९८१ मध्ये श्रवणबेळगोळच्या सहस्राब्दी महामस्तकाभिषेकाला या गाडीतून सात माणसे गेली होती. कुंथलगिरीच्या यात्रा तर मोजता येणार नाहीत इतक्या. ३० सप्टेंबर १९९३ या तारखेला मात्र चारच शब्द आहेत : ‘किल्लारी. चादरी. दोन फेऱ्या.’ अनंत चतुर्दशीला दशलक्षण पर्व संपले, गणपतींचे विसर्जन झाले आणि त्यानंतरच्या पहाटे भूकंपाने लातूर-धाराशिवकडची गावे जमीनदोस्त केली. त्या दिवशी दुकानातल्या चादरी मागच्या सीटवर छतापर्यंत रचून अप्पा स्वतः निघाले होते. जाताना चादरी नेल्या आणि येताना सोलापूरच्या रुग्णालयासाठी जखमी आणले, असे घरातली मोठी माणसे सांगतात. वहीत त्याचा उल्लेख नाही.

थोरल्या भावाच्या मनात गाडी म्हणजे ती वही होती. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने कायमचा निरोप घेतला, तेव्हा त्याची बातमी त्यांनी कापून त्याच वहीत ठेवली.

उभ्या गाडीची झीज

न चालवलेली गाडी जशीच्या तशी राहते, हा एक गोड गैरसमज आहे. चालणाऱ्या यंत्राची झीज होते हे खरे, पण उभ्या यंत्राचीही होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. बॅटरी आपोआप उतरते. टाकीतले पेट्रोल काही महिन्यांत शिळे होऊन कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा ओढून घेते आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना मानवत नाही. एकाच जागी वजन पडल्याने टायर बसतात, ब्रेकच्या तेलात पाणी मुरते आणि सिलिंडर अडकतात. वाड्यातल्या उंदरांना वायरींचे वावडे नसतेच.

रविवारी दहा मिनिटे इंजिन चालवण्याने यातले फारसे काही टळत नाही. तेवढ्या वेळात इंजिन पुरते तापतही नाही. गाडीला हवा असतो तो महिन्यातून एक-दोनदा वीस-पंचवीस किलोमीटरचा मोकळा रस्ता. तो देणे होत नसेल, तर आपण गाडी सांभाळत नसून फक्त झाकून ठेवत असतो.

हिशेब मांडला तेव्हा

धाकट्या भावाने एके दिवशी पेढीवर बसून मागील वर्षाचा खर्च कागदावर मांडला. विमा ४,००० रुपये. दोन वर्षांनी बदलावी लागणारी बॅटरी, तिचा वर्षाचा वाटा २,६००. मिस्त्री, कार्ब्युरेटरची सफाई आणि मिळेल तिथून आणलेले सुटे भाग ११,०००. पुसायला व चालू करायला येणाऱ्या माणसाचे महिना ५०० प्रमाणे ६,०००. पेट्रोल १,६००. एकूण २५,२०० रुपये. वर्षभरात गाडी चालली १५० किलोमीटर. म्हणजे दर किलोमीटरला १६८ रुपये.

हा झाला दिसणारा खर्च. न दिसणारा त्याहून मोठा होता. गाडीखान्याची जागा तळमजल्यावर, रस्त्याला लागून. आणि पेढीचा जादा माल ठेवायला दोन गल्ल्या पलीकडे महिना ४,००० रुपये भाड्याने एक खोली घेतलेली. वर्षाचे ४८,०००. ते मिळवले तर आकडा ७३,२०० वर जातो आणि किलोमीटरचा दर ४८८ रुपये होतो. पडून असलेल्या मालात अडकलेल्या भांडवलाचा विचार जो व्यापारी रोज करतो, तोच घरातल्या वस्तूत अडकलेल्या जागेचा विचार करीत नाही, हे यातून दिसते.

थोरल्यांनी कागद पाहिला आणि एवढेच म्हटले, “देवघराचा खर्च असा दर चौरस फुटाने काढशील का?”

धाकट्यांकडे उत्तर नव्हते. कागद घडी करून गल्ल्यात ठेवला गेला.

कायद्याची बाजू

भावनेचा निर्णय लांबवता येतो, कायद्याच्या मुदती मात्र थांबत नाहीत. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. या गाडीची मुदत ऑगस्ट २०२६ मध्ये संपणार होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांहून जुन्या मोटारींच्या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये केले. त्याखेरीज तंदुरुस्तीची तपासणी, पर्यावरण कर, प्रदूषणाचा दाखला आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट हे आहेच.

दुसरा मार्ग होता ‘विंटेज’ नोंदणीचा. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला ही नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नंतरचे शुल्क ५,००० रुपये. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावे, दुरुस्ती, इंधन अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढायची. ज्याला जुन्या गाड्यांचा खरा छंद आहे त्याच्यासाठी ही उत्तम सोय आहे. केवळ निर्णय टाळायचा असेल, तर तो महागडा मार्ग ठरतो.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर होती आणि ती दोघा भावांच्या ध्यानातच आली नव्हती. गाडी अजूनही अप्पांच्या नावावर होती. नोंदणीकृत मालकाचे निधन झाल्यास वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये हस्तांतराचा अर्ज करायचा असतो. इथे दोन वर्षे उलटली होती. विम्याचा हप्ता नियमाने भरला जात होता, पण तोही दिवंगत व्यक्तीच्या नावाने. त्या दीडशे किलोमीटरांत एखादा अपघात झाला असता, तर नुकसानभरपाईचा प्रश्न केवढा जटिल झाला असता! हिंदू वारसा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. तेव्हा पत्नी, दोन मुलगे आणि विवाहित मुलगी असे चौघे समान वारस होते. मुलीच्या संमतीवाचून गाडी ठेवताही येत नव्हती आणि विकताही येत नव्हती. ज्या बहिणीला या वादात कोणी विचारलेच नव्हते, तिची सही आता अत्यावश्यक होती.

कराचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. स्वतःच्या वापरातील मोटार ही आयकराच्या दृष्टीने वैयक्तिक वापराची वस्तू असल्याने तिच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. हीच गाडी पेढीच्या पुस्तकात असती, तर विक्रीची रक्कम घसाऱ्याच्या गटातून वजा करावी लागली असती. म्हणून अशा व्यवहाराआधी गाडी कोणाच्या पुस्तकात आहे, हे पाहून घेणे चांगले.

आकिंचन्याच्या दिवशी

बहीण दशलक्षण पर्वात माहेरी आली. पर्वाचा नववा दिवस उत्तम आकिंचन्याचा. त्या दिवशी मंदिरात परिग्रहावर प्रवचन झाले. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात वस्तूला नव्हे, तर वस्तूविषयीच्या आसक्तीला परिग्रह म्हटले आहे, हे जैन वाचकांना सांगायला नको. आचार्य समंतभद्रांनीही रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोगाची मर्यादा सांगताना भोजन, शय्या, स्नान यांच्याबरोबर वाहनाचा उल्लेख केला आहे. आपण रोज किती वाहने वापरणार, याचा नियम श्रावकाने करावा, असा त्याचा आशय.

घरी आल्यावर प्रवचनाचा धागा धरून दोघे भाऊ पुन्हा बोलू लागले. धाकट्यांचे म्हणणे, गाडी ठेवणे हीच आसक्ती. थोरल्यांचे म्हणणे, खोलीचे भाडे वाचवण्यासाठी वडिलांची आठवण विकणे ही त्याहून मोठी आसक्ती. दोघांचेही शास्त्राच्या आधाराने चालले होते आणि दोघेही थोडे रागावले होते.

बहिणीने मध्येच विचारले, “आईला कोणी विचारले का?”

दोघे गप्प झाले. आईला विचारायचे कशाला, हेच तर दोघांचे एकमेव एकमत होते. आईचा जीव त्या गाडीत आहे, असे थोरले दोन वर्षे सांगत होते आणि म्हणूनच धाकटे मुकाट बसले होते.

आई वरच्या मजल्यावर होत्या. वय ब्याऐंशी. गुडघे पार गेलेले. वाड्याचा दगडी जिना अठरा पायऱ्यांचा. त्या पर्वात त्या दोनच दिवस मंदिरात जाऊ शकल्या होत्या, तेही दोघा नातवंडांनी धरून उतरवल्यावर. बाकीचे दिवस त्या खिडकीत बसून माळ ओढत होत्या.

मुलीने विचारले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला वाटले, तुम्हाला ती हवी आहे. तुम्ही दोघे तिच्यावरून इतके भांडता. अप्पांच्या मागे तुमचे आणखी काही जावे असे मला वाटेना, म्हणून बोलले नाही.”

“मग तुला काय हवे आहे, आई?”

“मला खाली एक खोली हवी आहे. गाडीखान्याची दिली तर मी रोज देवदर्शनाला जाईन. त्या गाडीत मला बसताही येत नाही आता. सीट फार खाली आहे.”

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. धाकट्यांनी जागेचे भाडे काढले होते, थोरल्यांनी जागेचे पावित्र्य राखले होते, पण त्या जागेची गरज कोणाला आहे, हे दोघांच्याही हिशेबात आले नव्हते. आईच्या मायेपोटी थोरल्यांनी गाडी ठेवली होती. थोरल्यांच्या मायेपोटी आईंनी मौन धरले होते. आणि या दोन मायांच्या मध्ये एक वृद्ध बाई दोन वर्षे वरच्या मजल्यावर अडकून पडली होती.

थोरले उठले आणि जिन्याने खाली गेले. गाडीखान्याचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात मोजपट्टी होती. “दहा बाय अठरा आहे,” ते म्हणाले. “न्हाणीघर आतच निघेल. आईला उंबरा ओलांडावा लागणार नाही.”

गाडी कोणाला द्यावी?

विकायचे ठरल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला. वहीत दोन ठिकाणी अप्पांनी लिहिले होते, ‘गिऱ्हाईक आले. नाही म्हटले.’ ते गाडीच्या मोहामुळे, असे मुलांना वाटत आले होते. खरे कारण आईंना ठाऊक होते. दोन्ही गिऱ्हाइकांना गाडी मोडून सुटे भाग विकायचे होते. “चालवणारा आला असता तर दिली असती, असे ते म्हणायचे,” आईंनी सांगितले.

यावेळीही दोन मागण्या आल्या. एकाला हॉटेलच्या दाराशी शोभेसाठी गाडी उभी करायची होती आणि इंजिन काढून विकायचे होते. त्याने किंमत पुष्कळ देऊ केली. दुसरा सांगलीकडचा एक तरुण यंत्रदुरुस्तीवाला. त्याच्याकडे अशीच एक गाडी होती आणि दुसरी चालती करून वापरायची त्याची इच्छा होती. त्याची रक्कम चाळीस हजारांनी कमी होती. चौघांनी सहमतीने ती स्वीकारली. व्यापारी घराने चाळीस हजार सोडणे सोपे नसते. पण ही सूट ग्राहकाला दिलेली नाही, अप्पांची अट पाळण्यासाठी दिली आहे, असे थोरले म्हणाले आणि धाकट्यांनी मान हलवली.

कागदपत्रांत मात्र कसूर केली नाही. आधी तिन्ही मुलांच्या संमतीने गाडी आईंच्या नावावर झाली. मग विक्रीचे नमुने २९ व ३० भरले गेले. राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे आवश्यक असते. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून गाडी देऊन टाकण्याची पद्धत अनेक घरांत आजही आहे आणि ती धोक्याची आहे. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच अपघाताच्या भरपाईला कायद्याने मालक म्हणून जबाबदार, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणून नव्या मालकाच्या नावाची नोंद झाल्याचे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे समजू नये. गाडी ठेवणार असाल, तर नोंदणीत वारसदाराचे नामनिर्देशन करून ठेवण्याची सोय आता आहे. तिचा लाभ प्रत्येक कुटुंबाने घ्यावा.

गाडी न्यायच्या आदल्या संध्याकाळी बहीण चालकाच्या जागी बसली. ती याच गाडीवर चालवायला शिकली होती. आईंना दोघा मुलांनी उचलून पुढच्या बाकावर बसवले आणि दोघे भाऊ मागे बसले. सिद्धेश्वर तलावाला एक फेरी मारून गाडी परत आली. वाटेत फारसे कोणी बोलले नाही. एका वळणावर आईंनी सवयीने खिडकीच्या काचेचा दांडा फिरवला आणि तो पूर्वीसारखाच अर्ध्यावर अडकला, तेव्हा चौघांनाही हसू आले.

गाडीखान्याची खोली मार्गशीर्षात तयार झाली. रस्त्याच्या बाजूला खिडकी काढली आणि दाराशी उतार बांधला. आई आता सकाळी वॉकर घेऊन नातवासोबत मंदिरात जातात. पेढीच्या मालाची खोली अजून भाड्यानेच आहे. त्याविषयी धाकट्यांनी पुन्हा शब्द काढलेला नाही.

अप्पांची वही नव्या मालकाने मागितली होती. ती घराने दिली नाही. मात्र दुरुस्त्यांची सारी पाने उतरवून दिली, कारण ती गाडीच्या उपयोगाची होती. उरलेली वही आईंच्या उशाशी असते. तिच्यातली शेवटची नोंद त्यांनी धाकट्या मुलाला सांगून लिहवून घेतली. तारीख, मीटरवरचा आकडा, तलावाच्या फेरीत बरोबर असलेल्यांची नावे आणि त्याखाली, अप्पा वर्षअखेरीस हिशेब मिटवताना लिहीत तसे, दोन शब्द : ‘खाते पूर्ण.’